लेबलावरचे साडेचारशे वॅट

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. आमच्या इतिहास विभागाच्या खोलीत टेबलावर एक खोके ठेवले होते आणि त्याभोवती आम्ही पाचसहा जण जमलो होतो. खोक्यात ग्राफिक्स कार्ड होते. विभागाच्या एका माजी विद्यार्थ्याने स्वतःसाठी नवे कार्ड घेतले आणि आपले जुने, पण उत्तम चालणारे, एनव्हिडिया कंपनीचे आरटीएक्स ३०६० हे कार्ड विभागाला भेट म्हणून पाठवले. विभागाचा संगणक शेजारीच होता, स्क्रू-ड्रायव्हर माझ्या मित्राच्या हातात होता, आणि आता कॅबिनेटचे झाकण काढून कार्ड बसवायचे एवढेच काम उरले आहे, असे सगळ्यांना वाटत होते.

कला शाखेच्या इतिहास विभागाला ग्राफिक्स कार्ड कशाला हवे, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. गेली तीन वर्षे आमचे विद्यार्थी तालुक्यातल्या वृद्ध माणसांच्या मुलाखती चित्रित करीत आहेत. १९७२ चा दुष्काळ, खडी फोडण्याची कामे, सुकडीचे वाटप, गाव सोडून मुंबईला गेलेली माणसे, अशा आठवणींचे सुमारे चाळीस तासांचे चित्रण जमले आहे. बोलणाऱ्यांपैकी चौघे आज हयात नाहीत. या चित्रणाची काटछाट करून, आवाजातली खरखर काढून ते पाहण्याजोगे करायचे, तर संगणकाला चित्रांचे अफाट गणित करावे लागते. साधा प्रोसेसर त्यात दमतो. आमच्या संगणकाला पाच मिनिटांचा तुकडा तयार करायला पाऊण तास लागत असे. हे गणित झपाट्याने करणारे यंत्र म्हणजे ग्राफिक्स कार्ड.

आणि आता खरी अडचण सांगतो. हे चाळीस तास दोन हार्ड डिस्कवर होते, आणि त्या दोन्ही डिस्क त्याच एका संगणकात होत्या.

माझा दादा संगणक-दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. सुट्टीत त्याच्या हाताखाली बसून जे चार धडे मी गिरवले, त्यातला पहिला असा की, कार्ड हातात घेण्याआधी एसएमपीएस बघावा. म्हणून मी मित्राला विचारले, "एसएमपीएस किती वॅटचा आहे?"

"साडेचारशेचा," तो म्हणाला. "मोठ्या अक्षरांत लिहिलंय वर. मी बेरीजही केलीय. सगळं मिळून साडेतीनशेच्या आत जातं. शंभर वॅट शिल्लक राहतात."

त्याची बेरीज बरोबर होती, आणि तरीही त्याचा निष्कर्ष चुकीचा होता. तो का चुकीचा होता, हे सांगण्यासाठी हा लेख.

एसएमपीएस म्हणजे काय?

कॅबिनेटच्या मागच्या बाजूला जिथे आपण तीन पिनांची जाड वायर खुपसतो, त्या लोखंडी पेटीला आपल्याकडे सर्रास एसएमपीएस म्हणतात. इतर देशांत तिला नुसते पॉवर सप्लाय म्हणतात. घरातल्या प्लगमधून येणारी वीज २३० व्होल्टची आणि प्रत्यावर्ती, म्हणजे सेकंदाला ५० वेळा पूर्ण आवर्तन घेणारी असते. संगणकाच्या आतल्या नाजूक भागांना मात्र एकाच दिशेने वाहणारी आणि फार कमी दाबाची वीज लागते. १२ व्होल्ट, ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्ट असे तिचे तीन मुख्य प्रकार. हे रूपांतर करणे हे या पेटीचे काम.

ती ते कसे करते, हेही मोठे गमतीचे आहे. आलेल्या विजेला ती प्रथम एकदिशा करते. या टप्प्यावर दाब सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास जातो. मग अतिवेगवान स्विचांनी त्या विजेचे सेकंदाला हजारो, बहुधा लाखाच्या घरात तुकडे पाडते. इतक्या वेगाने तुकडे पाडलेल्या विजेला लहानसा ट्रान्सफॉर्मर पुरतो. ५० आवर्तनांच्या विजेला हाच ट्रान्सफॉर्मर विटेएवढा लागला असता. शेवटी गाळण्या लावून गुळगुळीत झालेली वीज रंगीत तारांमधून बाहेर पडते. प्रचलित रंगसंगतीत पिवळी तार १२ व्होल्टची, तांबडी ५ व्होल्टची, नारिंगी ३.३ व्होल्टची आणि काळी परतीची.

म्हणजे बाहेरून पेटी एक दिसली, तरी तिच्यातून निरनिराळे नळ निघतात. गावाच्या आकाशी टाकीचा विचार करा. टाकीवर मोठ्या अक्षरांत ‘क्षमता अमुक लक्ष लिटर’ असे रंगवलेले असते. पण आपल्या आळीला पाणी किती येणार, हे आपल्या आळीच्या नळाच्या जाडीवर ठरते. वरच्या आळीचा नळ कितीही जाड असला, तरी त्याने आपली घागर भरत नाही.

मित्राची बेरीज

आधी मित्राची बेरीज बघू. आमच्या संगणकात इंटेलचा आय-५ १२४०० हा प्रोसेसर आहे. त्याच्या नावापुढे ६५ वॅट असे लिहिलेले असते. पण तो त्याचा मूळ वेगाचा आकडा आहे. कामाचा रेटा आला की तो वेग वाढवतो, आणि तेव्हा तो ११७ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो, असे इंटेलच्याच तपशिलात दिलेले आहे. हिशेब करताना ११७ धरावेत. (माझ्या मित्राने ते धरले होते, त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.) आरटीएक्स ३०६० कार्डाचा कंपनीने दिलेला आकडा १७० वॅट. मदरबोर्ड, स्मृतीच्या पट्ट्या, पंखे आणि दोन हार्ड डिस्क मिळून ५० वॅट धरू. ११७, १७० आणि ५० मिळून झाले ३३७ वॅट. एसएमपीएसवर लिहिलेले ४५०. वरवर पाहता काम फत्ते!

पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने एवढ्यावर थांबू नये. बखरीत एक लाख फौज निघाली असे लिहिले असेल, तर आपण लगेच लाख धरत नाही. लिहिणारा कोण, त्याला तो आकडा फुगवण्यात काही हित होते का, आणि दुसऱ्या कागदपत्राशी तो जुळतो का, हे पाहतो. आमचे सर याला साधनचिकित्सा म्हणतात. मी सुचवले की झाकण उघडलेच आहे, तर त्या लेबलाचीही चिकित्सा करू.

लेबल कसे वाचावे

प्रथम संगणक बंद करून प्लग भिंतीतून काढावा आणि काही मिनिटे थांबावे. एसएमपीएसची पेटी स्वतः कधीही उघडू नये. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही धोकादायक वीज साठून राहते. उघडायचे ते फक्त कॅबिनेटचे झाकण. पेटीच्या अंगावर लेबल असते. कधी ते आतल्या बाजूला तोंड करून बसवलेले असते. मग चार स्क्रू काढून पेटी जरा फिरवून बघावी लागते.

लेबलावर मोठ्या ठळक आकड्याच्या खाली बारीक अक्षरांत एक तक्ता असतो. वाचायचा तो हा तक्ता. त्यात प्रत्येक व्होल्टच्या रकान्याखाली अँपिअर दिलेले असतात. व्होल्ट गुणिले अँपिअर बरोबर वॅट. एवढे एकच सूत्र पुरते. आमच्या पेटीवरचा तक्ता मी वहीत उतरवून घेतला, तो असा:

३.३ व्होल्ट, २० अँपिअर : ६६ वॅट
५ व्होल्ट, २० अँपिअर : १०० वॅट
१२ व्होल्ट, १६ अँपिअर : १९२ वॅट
उणे १२ व्होल्ट, ०.५ अँपिअर : ६ वॅट
५ व्होल्ट (संगणक बंद असताना जागी राहणारी), २ अँपिअर : १० वॅट

अँपिअर तक्त्यातले आहेत, गुणाकार माझा. आता शेवटच्या रकान्याची बेरीज करा. ३७४ होते. मोठ्या अक्षरांतले ४५० त्याच लेबलावरच्या बारीक अक्षरांशी जुळत नाहीत! शिवाय ही ३७४ ची बेरीज सगळे नळ एकाच वेळी पूर्ण सोडता येतात असे मानून केलेली आहे. चांगल्या एसएमपीएसच्या लेबलावर ३.३ आणि ५ व्होल्टचे मिळून जास्तीत जास्त किती वॅट, हेही वेगळे छापलेले असते, कारण ते दोन्ही एकाच वाट्यातून घेतात. आमच्या लेबलावर तसा उल्लेखच नव्हता.

पण बेरीज जुळत नाही, हा त्यातला लहान दोष. मोठा दोष तिसऱ्या ओळीत आहे. ग्राफिक्स कार्ड आपली जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या तारांमधून घेते. प्रोसेसरही १२ व्होल्टमधूनच घेतो. म्हणजे १७० अधिक ११७ असे २८७ वॅट, शिवाय पंखे आणि डिस्कच्या मोटारी यांचे सुमारे २०. एकूण ३०७ वॅट या एका नळातून हवे होते. आणि तो नळ, लेबलाचा शब्द खरा मानला तरी, १९२ वॅटचा. मित्राने शिल्लक मानलेले शंभर वॅट शिल्लक होते खरे, पण ते वरच्या आळीच्या नळात.

हे ऐकून मित्र काही वेळ गप्प बसला. मग त्याने वही ओढून घेतली आणि गुणाकार स्वतः पुन्हा केला. मला ते फार आवडले.

सगळा भार १२ व्होल्टवरच का?

असे का झाले, हे समजायला थोडा मागे जावे लागते. आयबीएम कंपनीने १९८१ साली जो पहिला ‘पीसी’ बाजारात आणला, त्याचा अख्खा पॉवर सप्लाय ६३.५ वॅटचा होता. त्या काळातल्या चिप ५ व्होल्टवर चालत. १२ व्होल्टचे काम मुख्यतः डिस्कच्या मोटारी फिरवण्याचे. पुढे १९९५ साली इंटेलने एटीएक्स नावाची रचना ठरवून दिली. आजच्या बहुतेक कॅबिनेटमधली पेटी तिचीच वंशज आहे.

मग प्रोसेसरची भूक वाढत गेली. समान वॅट पोहोचवायचे, तर दाब जितका कमी तितका प्रवाह जास्त लागतो. १७० वॅट ५ व्होल्टने द्यायचे तर ३४ अँपिअर. १२ व्होल्टने द्यायचे तर साधारण १४. तारेत होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे त्याच तारेतून ५ व्होल्टने वीज नेली तर ती १२ व्होल्टच्या मानाने जवळजवळ सहापट तापेल. वीजमंडळ गावोगाव वीज नेताना उच्चदाबाच्या तारा वापरते, त्यामागे हेच तत्त्व आहे. म्हणून २००० सालापासून, पेन्टियम ४ च्या जमान्यात, एटीएक्सची सुधारित आवृत्ती आली आणि प्रोसेसरसाठी १२ व्होल्टची वेगळी जोडणी निघाली. तेव्हापासून भार १२ व्होल्टकडे सरकला तो सरकलाच. आजच्या चांगल्या एसएमपीएसमध्ये जवळजवळ सगळी क्षमता १२ व्होल्टवर मिळते. स्वस्तातल्या पेट्यांचा आराखडा मात्र अनेकदा जुन्याच वाटणीचा असतो. वर नवा, मोठा आकडा छापला जातो.

म्हणून एसएमपीएस पारखण्याची पहिली खूण ही: १२ व्होल्टचे वॅट काढा आणि मोठ्या आकड्याशी ताडून पाहा. दोन्ही जवळपास असतील, तर पेटी बोलल्याप्रमाणे वागण्याची शक्यता आहे. निम्म्याच्याही खाली असतील, तर दुकानदाराला नमस्कार करून निघावे.

पिना आणि जोडण्या

वॅट पुरले तरी तारा पोहोचल्या पाहिजेत. ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डच्या ज्या लांब खाचेत बसते, ती खाच नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ७५ वॅट देते. (१९८१ च्या अख्ख्या संगणकाला जेवढे मिळत, त्याहून जास्त आज एका खाचेला मिळतात!) ज्या कार्डाची गरज याच्या आत आहे, त्याला वेगळी तार लागत नाही. गरज वाढली की एसएमपीएसकडून थेट तार आणावी लागते. सहा पिनांची जोडणी ७५ वॅटची, आठ पिनांची १५० वॅटची. आमच्या कार्डाला आठ पिनांची एक जोडणी हवी होती. खाचेचे ७५ आणि हे १५० मिळून २२५. त्यात १७० आरामात बसतात.

या मर्यादा कागदी नाहीत. २०१६ च्या जूनअखेर एएमडी कंपनीचे आरएक्स ४८० हे कार्ड बाजारात आले. परीक्षकांनी मोजले, तेव्हा ते खाचेतून ७५ वॅटहून अधिक ओढते असे आढळले. गवगवा झाला आणि जुलैमध्ये कंपनीला आपल्या ड्रायव्हरमध्ये सुधारणा करून द्यावी लागली. तशीच कथा नव्या सोळा पिनांच्या जोडणीची. ही जोडणी ६०० वॅटपर्यंत देऊ शकते. २०२२ च्या ऑक्टोबरात आरटीएक्स ४०९० या ४५० वॅटच्या कार्डांवर ती वितळल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. जोडणी पूर्ण आत न बसल्याने असे होते, असे एनव्हिडियाने सांगितले. आणि २०२३ मध्ये जोडणीच्या पिनांची लांबी बदलून सुधारित आवृत्ती काढण्यात आली. आपण घ्यायचा धडा साधा आहे: जोडणी ‘टक्’ आवाज होईपर्यंत आत बसवावी आणि तिच्या तोंडाशीच तार मुरडू नये.

आमच्या पेटीला आठ पिनांची अशी जोडणी नव्हतीच. ही स्वतःच एक साक्ष आहे: बनवणाऱ्याने या पेटीकडून मोठ्या कार्डाची अपेक्षा केलेली नव्हती. मित्राने त्यावर उपाय म्हणून बाजारातून एक कन्व्हर्टर आणला होता. जुन्या डिस्कना लागणाऱ्या चार पिनांच्या दोन जोडण्या एकत्र करून त्यातून आठ पिना काढणारी ही तार. कन्व्हर्टरने पिनांचा आकार बदलतो. मागची क्षमता तसूभरही वाढत नाही. त्यातही दोन्ही टोके एकाच बारीक तारेवर लावली, तर ती तार तापते, आणि तिच्यावरच डिस्कही लटकलेल्या असतात.

इथे आणखी एक सावधगिरी. प्रोसेसरसाठी येणारी आठ पिनांची जोडणी आणि ग्राफिक्स कार्डाची आठ पिनांची जोडणी दिसायला बहिणी-बहिणी आहेत, पण त्यांतल्या पिवळ्या आणि काळ्या तारांच्या जागा उलट आहेत. पिनांचे आकार मुद्दाम वेगळे ठेवले आहेत, म्हणून एक दुसरीत सहज जात नाही. जात नसेल तर जोर लावू नये; न जाण्यामागे कारण असते.

आकड्यांत न दिसणाऱ्या गोष्टी

समजा १२ व्होल्टचा हिशेब जुळला. तरी काठोकाठ घागर कोणी डोक्यावर घेत नाही. ग्राफिक्स कार्डाचा १७० वॅट हा आकडा साधारण सततच्या भाराचा आहे. प्रत्यक्षात सेकंदाच्या हजाराव्या भागात कार्डाची मागणी त्याच्या दीडपट-दुपटीपर्यंत उसळू शकते, विशेषतः मोठ्या कार्डांची. अशा उसळीने चांगला एसएमपीएससुद्धा धोका समजून बंद पडत असे. म्हणून २०२२ च्या एटीएक्स ३.० या आवृत्तीत, सोळा पिनांची जोडणी देणाऱ्या मोठ्या पेट्यांनी काही सूक्ष्मक्षण दुप्पट भार सोसला पाहिजे, अशी अट घालण्यात आली.

दुसरी गोष्ट उष्णता. चांगले उत्पादक आपला आकडा ४० किंवा ५० अंश सेल्सिअस तापमानाला दिलेला असतो, असे लिहितात. काही जण तो २५ अंशांना देतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत बंद खोलीतल्या कॅबिनेटच्या आत काय तापमान असते, याची कल्पना वाचकांनीच करावी. पेटी तापली की तिची ताकद उतरते, आणि आतले कपॅसिटर लवकर म्हातारे होतात. धूळ बसून पंखा जड झाला असेल, तर ही उतरण आणखी वेगाने होते. म्हणून पाचसात वर्षे रोज चाललेल्या पेटीवर नवे कार्ड लादताना लेबलावरचा आकडा जसाच्या तसा धरू नये.

या सगळ्यामुळे मी १२ व्होल्टच्या क्षमतेच्या तीन-चतुर्थांशापेक्षा जास्त भार टाकत नाही. कार्ड बनवणाऱ्या कंपन्या जो ‘शिफारस केलेला पॉवर सप्लाय’ लिहितात, त्यातही हीच काळजी असते. १७० वॅटच्या आरटीएक्स ३०६० ला एनव्हिडियाने ५५० वॅटची शिफारस केली आहे. तो आकडा कार्डाचा नव्हे, सबंध संगणकाचा आहे, आणि त्यात पेट्यांच्या बऱ्यावाईट दर्जासाठी मोकळी जागा सोडलेली आहे.

‘८० प्लस’ या शिक्क्याविषयी एक गैरसमज सर्रास आढळतो, तोही दूर करतो. २००४ साली सुरू झालेले हे प्रमाणपत्र कार्यक्षमतेचे आहे. मूळ प्रमाणपत्राची अट अशी की, २०, ५० आणि १०० टक्के भाराला पेटीने भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के वीज संगणकाला द्यावी. पुष्कळांना वाटते, ५५० वॅटची पेटी ८० टक्के कार्यक्षम म्हणजे ४४० वॅटच देणार. तसे नाही. ती ५५० वॅट देईलच. भिंतीतून मात्र त्याहून जास्त घेईल. ३४० वॅट द्यायचे असतील, तर ८० टक्क्यांच्या हिशेबाने ती ४२५ घेईल, आणि मधले ८५ वॅट उष्णतेच्या रूपाने पंख्यावाटे बाहेर जातील. या शिक्क्याने विजेचे बिल कळते. शिवाय पेटी कुणीतरी तपासली होती एवढा भरवसा मिळतो.

दुकानांत हिरवी आणि काळी तार जोडून पंखा फिरतो का, ते पाहतात आणि “चांगला आहे” म्हणून सांगतात. त्याने पेटी जिवंत आहे एवढेच कळते. किती ओझे उचलेल, हे कळत नाही. भाराखाली १२ व्होल्टची तार ११.४ ते १२.६ या मर्यादेत राहिली पाहिजे, असा नियम आहे. तो साध्या मल्टिमीटरने जाणकाराच्या देखरेखीखाली तपासता येतो.

नाही पुरला तर?

इथेच माणसे फसतात. कारण अपुरा एसएमपीएस पहिल्या दिवशी बंद पडेलच असे नाही. संगणक सुरू होतो, पडद्यावर चित्र येते, पत्र टंकता येते, गाणे ऐकता येते. त्या वेळी कार्ड दहावीस वॅटांवर डुलक्या घेत असते. खरे काम सुरू झाले की मागणी एकदम वर जाते. चांगल्या पेटीत जास्त भार, जास्त दाब किंवा शॉर्ट सर्किट झाल्यास आपोआप बंद होण्याची सोय असते. मग संगणक अचानक विझतो किंवा पुन्हा सुरू होतो, आणि मालक ड्रायव्हर बदलत बसतो. हलक्या पेटीत ही सोय अपुरी असते किंवा नसते. ती ताणाखाली जळते, आणि जळताना कधी कधी तिचा दाब आवरेनासा होऊन त्याच तारांवर बसलेल्या डिस्कही सोबत नेते.

कार्ड गेले तर हळहळ वाटेल, पण ते बाजारात पुन्हा मिळते. आमच्या डिस्कवरची ती चार माणसे दुसरीकडे कुठेही बोललेली नाहीत.

आम्ही काय केले

त्या दिवशी कार्ड परत खोक्यात गेले. पहिले काम म्हणून आम्ही सगळे चित्रण एका बाहेरच्या डिस्कवर उतरवले आणि ती डिस्क सरांच्या कपाटात ठेवली. हे काम आम्ही तीन वर्षे केले नव्हते, याची सगळ्यांनाच लाज वाटली.

मग कार्यालयाकडे अर्ज केला. तिथे साहजिकच प्रश्न आला, "जुना चालू आहे ना? मग नवा कशाला?" प्रश्न विचारणाऱ्याचे काही चुकले नाही; महाविद्यालयाचे पैसे जपणे हे त्यांचे कामच आहे. चालू असणे आणि पुरेसे असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना पटवायला मी वहीतला तक्ता अर्जाला जोडला. एकीकडे हवेत ३०७ वॅट, दुसरीकडे आहेत १९२ वॅट. त्या कागदावर दुसरे काही लिहावे लागले नाही.

अर्जात यूपीएसही होता, तो मात्र माझ्या लक्षात ऐन वेळी आला. विभागाचा यूपीएस ६०० व्हीएचा. त्याच्या अंगावर बारीक अक्षरांत ३६० वॅट लिहिलेले. पूर्ण भाराला संगणक आतून ३३७ वॅट घेणार, म्हणजे ८५ टक्के कार्यक्षमता धरली तरी भिंतीतून चारशेच्या जवळ, मॉनिटर वेगळाच. वीज गेली की यूपीएसने साथ देण्याऐवजी तोच आधी बसला असता. इथेही मोठा आकडा एक आणि उपयोगाचा दुसरा! त्यासाठी १००० व्हीए, ६०० वॅटचा यूपीएस मागितला.

फेब्रुवारीत ५५० वॅटचा नवा एसएमपीएस आला. त्याच्या १२ व्होल्टच्या रकान्यात ४५ अँपिअर होते, म्हणजे ५४० वॅट. आमचा भार ३०७; क्षमतेच्या सत्तावन्न टक्के. ग्राफिक्स कार्डासाठी आठ पिनांची तार पेटीतूनच निघालेली. बसवताना दादाने एक गोष्ट बजावून सांगितली होती: नव्या पेटीबरोबर तिच्याच तारा वापरायच्या. तारा सुट्या होणाऱ्या पेट्यांमध्ये पेटीकडच्या टोकाची रचना प्रत्येक कंपनीची, कधी एकाच कंपनीच्या दोन पेट्यांचीही, वेगळी असते. जुनी तार नव्या पेटीत बसते, म्हणून लावली आणि ५ व्होल्टच्या जागी १२ गेले, तर डिस्क क्षणात संपते. आम्ही जुन्या तारांचा गठ्ठा आधी खोलीबाहेर नेऊन ठेवला आणि मगच नव्या जोडल्या.

पाऊण तासाचा तुकडा आता काही मिनिटांत तयार होतो. त्या संध्याकाळी आम्ही पहिली पूर्ण मुलाखत लावली. दुष्काळातल्या खडीच्या कामावर जाणाऱ्या आजींची होती ती. मजुरीचा आकडा आठवताना त्या मध्येच थांबतात आणि म्हणतात की, हजेरीच्या कागदावर एक लिहीत नि हातात दुसरे पडे. सर माझ्याकडे बघून हसले.

जुना एसएमपीएस आम्ही टाकला नाही. तो विभागाच्या कपाटात आहे, लेबल वर करून ठेवलेला. पुढच्या वर्षी साधनचिकित्सेच्या पहिल्या तासाला तो वर्गात न्यायचा, असे सरांनी ठरवले आहे.